नदीवरचा जास्तीचा निळा

४ जुलै

प्रिय फुंकर,

तू शाळेत नुकती जायला लागली होतीस. जुन्या घराच्या स्वयंपाकघरात तू फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होतीस, मी शेजारी बसून मटार सोलत होते आणि तुझी आई ओट्यापाशी भांड्यांशी भांडत होती. कागद वाळेपर्यंत थांबायचा तुला कधीच धीर नव्हता. गाल फुगवून तू फुंकर मारलीस आणि लाल रंगाचा ओघळ सुटला तो थेट पिवळ्यात घुसला. तुझा ओठ बाहेर आला, आता भोंगा सुरू होणार असं मला वाटलं, तेवढ्यात तू म्हणालीस, "मावशी, बघ, ह्याला पाय फुटले." ताई मागे न वळता म्हणाली, "पाय फुटू देत नाहीतर शिंगं, ती फरशी कोण पुसणार? तुझी मावशी?" आणि मावशीनेच पुसली. एवढंच. ह्यात सांगण्यासारखं काही नाही, पण आज सकाळपासून तेच डोळ्यांपुढे येतंय, म्हणून त्यापासूनच सुरुवात केली.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. बरंच झालं म्हणा. फोनवर माझी जीभ माझ्या पुढे धावते. कागदावर निदान हात दुखतो, तेवढं थांबावं लागतं.

बातमी अशी की माझ्या डोळ्याचं छोटंसं काम निघालंय. मोतीबिंदू. वय झालं की व्हायचंच. डॉक्टर तुझ्याएवढाच मुलगा आहे. बघून म्हणाला, "आजी, हा चांगलाच पिकलाय. इतके दिवस काय करत होतात?" मी म्हटलं, शाळेतून सवड कुठे मिळते. आजी म्हणाला म्हणून राग आला, पण डोळा त्याच्या हातात होता.

शाळेत सगळं ठीक आहे. तिसरीच्या मुलांनी रंगवलेली नदी अजून व्हरांड्यात लावलेली आहे, येणारे-जाणारे थांबून बघतात. चित्रकलेच्या खोलीत मात्र एकटीला जड जातं. तू दोन वर्षं मदतीला होतीस, त्याची सवय झाली. एका हाताने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने कुणाचा तरी ब्रश तोंडातून काढायचा, हे आता ह्या वयात जमत नाही.

आता त्या दिवसाबद्दल. आपल्या दोघींचंही थोडं थोडं चुकलं असं मला वाटतं. तू स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतंस. मीही जरा तोडून बोलले असेन. आणि नव्या वर्षी शाळेने तुला ठेवलं नाही त्याला माझा काही इलाज नव्हता, हे तुला ठाऊक आहेच. झालं गेलं सोडून देऊ. ऑपरेशनच्या आधी येऊन गेलीस तर बरं वाटेल. नाही आलीस तरी समजेन.

तुझी,
मावशी


१९ जुलै

प्रिय फुंकर,

तुझं उत्तर नाही. असू दे. मला राहवत नाही म्हणून लिहितेय, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी काढली तेव्हा पहिली दिसली ती डॉक्टरच्या मागची भिंत. अगं, पांढरी! मी तिला साय धरलेल्या दुधाच्या रंगाची समजत होते. घरी आले तर माझे पडदेही पांढरे निघाले. चहा गाळायचं फडकं मात्र पांढरं नव्हतं, ते लगेच फेकलं. मोरी इतकी कळकट आहे हे मला कुणी का सांगितलं नाही? आरशासमोर गेले आणि क्षणभर वाटलं, माझी आई आत कशी आली.

माझ्याबरोबर एका बाईंचंही ऑपरेशन झालं. त्यांचा नवरा न्यायला आला तर त्या त्याच्याकडे बघतच बसल्या. मग डॉक्टरला म्हणाल्या, "हा इतका म्हातारा कधी झाला? जुना डोळा परत बसवता येईल का?" तो बिचारा पिशवी धरून हसत होता. मीही हसले, आणि डोळ्यातून पाणी काढायचं नाही म्हणून नर्स ओरडली.

डाव्याचं अजून व्हायचंय. तोवर माझ्याकडे दोन जगं आहेत. उजवा मिटला की सगळं चहाच्या पाण्यातून बघावं तसं, जुनं, ओळखीचं. डावा मिटला की लख्ख. काल दुपारी मी खेळच मांडला. खिडकी, पडदा, उशी, एकेक वस्तू दोन्ही डोळ्यांनी. मग टेबलावरचा माझा निळा मग घेतला. डाव्याने पाहिला तर राखाडी, थोडा शेवाळी. उजव्याने पाहिला तर त्याचा निळा माझ्या अंगावर आला. ओरडल्यासारखा.

मी मग खेळ बंद केला.

त्या मगाच्या शेजारी फुलदाणीखालचा रुमाल होता, जांभळा. डाव्या डोळ्याला तो मातकट दिसतो.

सोमवारी शाळेत जायचंय. औषधाचे थेंब घालायची वेळ झाली. थांबते.

मावशी


२३ जुलै

फुंकर,

मी व्हरांड्यात गेले होते. शाळा सुटल्यानंतर, मुद्दाम.

तुला नव्याने काय सांगायचं, तो प्रकल्प आपण दोघींनी मिळून आखला होता. पण मला तो पहिल्यापासून लिहू दे, म्हणजे मी कुठे काय केलं ते लपणार नाही. तिसरीच्या प्रत्येक मुलाला एकेक कागद. सगळे कागद जोडून एक लांब नदी. काठावर ज्याला जे हवं ते, पण नदी शेजाऱ्याच्या कागदातून आपल्यात यायला हवी आणि आपल्यातून पुढच्याकडे जायला हवी. त्यासाठी मुलांना एकमेकांशी बोलावं लागलं. "तुझी नदी माझ्याकडे कुठून येते?" "खालून येते." "खालून नको, खाली माझा जिराफ उभाय, त्याचे पाय भिजतील." तुझी कल्पना अशी की पहिल्या कागदांवर सकाळ, मधल्यांवर दुपार आणि शेवटी संध्याकाळ, म्हणजे पाण्याचा रंग बदलत जाईल. मला ती फार आवडली होती. तेव्हा मी ती माझीच म्हणून मोठ्या बाईंना सांगितली, तेही आता लिहून टाकते.

तर मी व्हरांड्यात उभी राहिले आणि डावा डोळा हाताने झाकला.

सकाळ नाही. दुपार नाही. संध्याकाळ नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच निळा पट्टा, बादलीत नीळ सांडावी तसा. काठावर मुलांची घरं, जिराफ, कुणाच्या आजोबांचं दुकान, सगळं हलकं, पाणीदार, पोरांच्या हातचं. आणि मधून कुणीतरी प्लास्टिकचा पाइप टाकल्यासारखा तो निळा. कुणीतरी काय, मीच. मग मी उजवा डोळा झाकला. तीच नदी शांत, सुंदर, मला अभिमान वाटलेली. पुन्हा डावा झाकला. एका डोळ्याने मी आदर्श शिक्षिका, दुसऱ्याने काय ते तू ठरव. शिपाई झाडू घेऊन आला आणि म्हणाला, "टीचर, डोळ्यात काही गेलं का?"

शाळेच्या प्रदर्शनाच्या आधी ते सगळे कागद मी रंगवले, फुंकर. मुलं घरी गेल्यावर, खोलीचं दार लोटून. मला ते मळके दिसत होते. वाटायचं, पोरांनी ब्रश नीट धुतले नाहीत, आणि पालक बघून म्हणतील टीचर म्हातारी झाली. म्हणून रुंद चपटा ब्रश घेऊन निळ्याचा एक थर. तरी निळं दिसेना, म्हणून दुसरा. ज्या बाईने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय की दुसऱ्याच्या कागदाला ब्रश लावायचा नाही, ती बाई. कुणी मुलगा अडला तर मी रद्दीच्या तुकड्यावर दाखवायची, त्याच्या कागदावर कधी नाही. शाळाभर त्याचं कौतुक होतं.

आणि गोगलगाय. तूच तिला ते नाव दिलंस, एक कोपरा रंगवायला अख्खा तास घेते म्हणून. तिच्या वाट्याला संध्याकाळ आली होती. तिने पाणी जांभळं केलं. मी म्हटलं, "ही नदी की चिखल?" ती म्हणाली, "जांभळी आहे, टीचर." मी म्हटलं, "ही मातकट आहे, नीट बघ." तिने नीट बघितलं आणि परत म्हणाली, "जांभळी." तिसऱ्यांदा मी तिला उभं केलं. मग तिच्या आईला बोलावून सांगितलं की मुलीला रंग ओळखता येत नाहीत, डोळे तपासून घ्या. त्या घाबरून घेऊन गेल्या. डॉक्टरने सांगितलं, डोळे उत्तम आहेत. मी म्हटलं, डॉक्टर घाईत असेल, दुसऱ्याकडे दाखवा.

त्यावर तू स्टाफरूममध्ये बोललीस. शाळेत मला नेहमी टीचर म्हणणारी तू, त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालीस, "मावशी, तिचे नाही, तुझे डोळे दाखव." पी.टी.चे सर हसले. मला त्या हसण्याचा राग आला आणि तो मी तुझ्यावर काढला. "शाळेत मी तुझी मावशी नाही," असं म्हणाले ना मी?

हात दुखतोय. आजच्यापुरतं एवढंच पुरे. जे लिहिलं ते खरं आहे.


५ ऑगस्ट

प्रिय फुंकर,

तुझं कार्ड मिळालं. "डोळ्यांची काळजी घ्या. थेंब वेळेवर घाला. पाणी जाऊ देऊ नका." तीन वाक्यं आणि तिन्हींत अहो-जाहो. लहानपणी तू मला दात न घासता उठून मिठी मारायचीस, आणि आता "घ्या". शिवी दिली असतीस तर जवळची वाटली असतीस.

त्याच दिवशी ताईचा फोन आला. ती काही कार्ड लिहिणाऱ्यातली नाही. म्हणाली, "मोती तुझ्या डोळ्यात आणि माती माझ्या पोरीच्या पदरात! फ्रेमच्या दुकानात काचा कापते ती. रोज एक बोट बांधून येते. तुझं काय, तू बस पडदे बघत." मी म्हटलं, ताई, ऐक तरी. ती म्हणाली, "साठ वर्षं तुझंच ऐकतेय. लहान म्हणून ऐकलं, विधवा झालीस म्हणून ऐकलं, कॉन्व्हेंटात शिकलीस म्हणून ऐकलं. आता मला कमी ऐकू येतं." आणि ठेवला.

कॉन्व्हेंटवरून आठवलं. आमच्यातल्या काही मुली कबुलीजबाबाला जायच्या. आम्ही त्यातल्या नव्हतो, पण बाहेरच्या बाकावर बसून त्यांची तयारी ऐकायचो. सिस्टर त्यांना शिकवायच्या, मोठं पाप आधी सांगा, लहान आपोआप मागून येतात. मुली मात्र उलटं करायच्या. आधी वाकुल्या दाखवल्या, मग खडू चोरला, आणि खरं जे असेल ते शेवटी, दाराशी, पुटपुटत. माझी ही तीन पत्रं काढून बघ. मी अजून खडूपाशीच आहे.

तर आता दाराशी आलेय.

प्रदर्शनात एका मुलाने बापाला सांगितलं, "ही माझी नदी नाही, ह्याच्यावर कुणीतरी रंग लावलाय." मग आणखी दोन पालकांनी पाहिलं आणि मोठ्या बाईंकडे तक्रार गेली. मोठ्या बाईंनी मला विचारलं. तू समोर नव्हतीस. मी म्हटलं, "मी मुलांच्या कागदाला ब्रश लावत नाही, हे तुम्हाला माहीत आहे." त्या म्हणाल्या, "मग?" मी काहीच बोलले नाही. खोलीची किल्ली दोघींकडेच होती. मी नाही म्हटल्यावर उरलं कोण? मी तुझं नाव घेतलं नाही असं मी स्वतःला आजवर सांगत आलेय. नाव घ्यायची गरजच नव्हती, तेवढी जागा मी बरोबर रिकामी सोडली होती.

ह्याला मोतीबिंदू कारण नाही. रंग कोणता होता ते मला दिसलं नाही. रंग कुणी लावला ते मला स्पष्ट दिसत होतं.

आणि तुलाही. मी रंगवत होते तेव्हा दार उघडलं होतं. मी मान वर केली नाही, पण तुझ्या चपलांचा आवाज मी ओळखते. दार पुन्हा हळूच लागलं. मोठ्या बाईंनी तुला विचारलं तेव्हा तू "मला काही सांगायचं नाही" एवढंच म्हणालीस, आणि त्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. एक शब्द बोलली असतीस तर मी संपले असते. तू नाही बोललीस. माझ्यासाठी गप्प राहिलीस, आणि तुझ्या त्या गप्प बसण्यावर मी महिनोन् महिने निवांत झोपले.

उद्या मोठ्या बाईंकडे जाते.


६ ऑगस्ट

गेले नाही. त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आत कुणी पाहुणे होते. नव्हतेही कदाचित. मी परत फिरले आणि पहिलीच्या वर्गात मेणाच्या खडूंवर पाण्याचा रंग कसा टिकत नाही ते शिकवलं. पोरं खूश झाली.


९ ऑगस्ट

प्रिय फुंकर,

आज गेले.

मोठ्या बाई हजेरीवर सह्या करत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "नदीवरचा निळा रंग मी लावला. धाकट्या टीचरने नाही."

"कोणती नदी?"

"तिसरीची. व्हरांड्यातली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तर म्हणाला होतात..."

"खोटं बोलले होते."

त्या माझ्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिल्या, जणू ते त्याचंच काम असावं. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "ऑपरेशन झालंय तुमचं. दिसत नव्हतं म्हणून झालं, असं आपण म्हणू या. लोक समजून घेतील. निवृत्तीला आलात, कशाला उगाच..."

फुंकर, खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. किती सोयीचं होतं ते. सगळं त्या पिकलेल्या भिंगावर टाकायचं, तेही आता माझ्याजवळ राहिलेलं नाही. पण ताईचा आवाज कानात होता. मी म्हटलं, "डोळ्यामुळे रंग चुकला, बाई. खोटं तोंडाने बोलले. तोंडाला मोतीबिंदू होत नाही."

तेव्हा मात्र त्या चिडल्या. "त्या मुलीला मी ह्याच खुर्चीत बसून काय काय बोलले, तुम्हाला कल्पना आहे? म्हटलं, मुलांच्या कामाची चोरी करणाऱ्यांना मी शाळेत ठेवत नाही. ती तिथे उभी, तुम्ही आता उभ्या आहात तिथेच. मान खाली घालून. मला वाटलं शरमेने." मग टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवून म्हणाल्या, "आता मलाही माफी मागावी लागणार. आणि मला त्याची सवय नाही." त्या क्षणी त्या मला आवडल्या. पण त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, आणि ते योग्यच होतं.

मी ह्या महिन्याअखेर जाते असं लिहून दिलंय. त्या तुला पत्र पाठवणार आहेत, शाळेच्या कागदावर, सगळं स्पष्ट. पालकांनाही. मी म्हटलं, त्यात माझं काम सौम्य शब्दांत घालू नका. त्या म्हणाल्या, "शब्द माझे मी बघते."


२० ऑगस्ट

प्रिय फुंकर,

मुलांना सांगायचं राहिलं होतं. ती आता चौथीत आहेत. त्यांचा वर्ग घेतला आणि कागद भिंतीवरून काढून ज्याचे त्याच्यापुढे ठेवले. मी खडूने फळ्यावर रेघा मारत राहिले, मग वळून सांगून टाकलं. तुमच्या नद्यांवर निळा रंग मी लावला, तुम्हाला न विचारता. ते वाईट केलं.

मला वाटलं होतं, मुलं चकित होतील. एकजण म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, टीचर."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"तुम्ही रागावला असता." आणि दुसरी म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्हाला आमच्या आवडल्या नाहीत."

तेवढ्यात त्या जिराफवाल्याने हात वर केला. "टीचर, मग आता आम्ही तुमच्या चित्रावर रंग लावायचा का?" वर्ग हसला. मी म्हटलं, लावा. माझं एक फुलांचं चित्र कपाटावर होतं, ते दिलं खाली. पाच मिनिटांत त्यावर दोन जिराफ आणि एक बस आली. खरं सांगते, चित्र सुधारलं.

गोगलगाय उठली नव्हती. मी तिच्याजवळ गेले. पाण्याचा रंग पुन्हा भिजवला की थोडाफार उचलता येतो, तेवढं तरी करून बघावं म्हणून स्वच्छ पाणी आणि स्पंज घेऊन तिच्याच कागदाचा कोपरा हळूहळू पुसायला लागले. निळा निघाला, पण खालचं काहीच दिसेना, नुसता ओला पांढुरका डाग. मी आणखी पुसलं.

"घासू नका, टीचर. कागदाचं पीठ होतंय," ती म्हणाली. आणि खरंच तिथे भोक पडलं.

मी म्हटलं, "खाली जांभळी होती ना, बाळा?"

"असेल."

"तुला आठवत नाही?"

"तुम्ही मातकट म्हणालात ना. मग मी आईलाही मातकटच सांगितलं."

तिच्या स्वरात राग नव्हता, आणि मी तोच शोधत होते. मग मी तिला नवा कागद दिला. तिने ब्रश भिजवला, रंगाच्या वडीवर नेला आणि थांबली. शेजारणीकडे वळून हळूच विचारलं, "हा जांभळाच आहे ना गं?" शेजारीण हो म्हणाली, तेव्हा कुठे तिने ब्रश टेकवला. पुढच्या रंगालाही तसंच. प्रत्येक रंगाला.

ती पूर्वी हळू होती कारण बघत बसायची. आता हळू आहे कारण विचारत बसते. एवढ्याशा पोरीचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी काढून घेतला, आणि तो स्पंजने परत आणता येत नाही.

मग मी तिच्या घरी गेले. तिच्या आई दारातच उभ्या राहिल्या. मी सांगितलं, चूक माझी होती, मुलगी पहिल्यापासून बरोबर होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलं होतं हो, डोळे चांगले आहेत. पण टीचर म्हणतात म्हटल्यावर मीही तिलाच दटावलं." आणि मग म्हणाल्या, "धाकट्या टीचर परत येणार का? त्यांच्याशी बोलायची ही." मला आत बोलावलं नाही. मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

मला खरंच ठाऊक नाही. मोठ्या बाईंचं पत्र तुला पोचलं असं ताई म्हणाली. तू ते दारात उभ्यानेच वाचलंस, घडी करून पिशवीत टाकलंस आणि कामावर निघून गेलीस. ताई हेही म्हणाली, "आता तिच्या मागे लागू नकोस." नाही लागणार. हे सगळं तू यावंस म्हणून लिहीत नाही, असं लिहिणार होते, पण तेही पूर्ण खरं नाही. तू यावंस असं मला फार वाटतं. फक्त माझ्यासाठी येऊ नकोस.


३० ऑगस्ट

प्रिय फुंकर,

उद्या माझा शेवटचा दिवस. त्यानंतर डाव्या डोळ्याचं काम, म्हणजे ते चहाच्या पाण्याचं जगही जाईल. त्याचं मला वाईट वाटत नाही.

खोलीचं सामान लावून ठेवलंय. किल्ली मोठ्या बाईंकडे. तू आलीस तर तुला, नाहीतर जी कुणी येईल तिला हेच पत्र दाखवावं असं त्यांना सांगितलंय, म्हणून हे सगळं स्पष्ट लिहिते.

गोल ब्रश बरण्यांत आहेत, ते पहिली-दुसरीचे. बारीक टोकाचे वरच्या फळीवर, चौथीचे. रुंद चपटा ब्रश शोधू नका, तो मी शाळेची दारं रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला दिला. त्याच्या हाती तो योग्य कामाला लागेल.

माझे दोन्ही एप्रन पी.टी.च्या सरांना. त्यांना चेंडू पुसायला फडकी हवी होती. ते हसले होते म्हणून राग नाही, हेही त्यांना सांगा. हसण्यासारखंच होतं.

ओल्या रंगावर भुरभुरायचं मीठ, मेणाचे खडू, कापूस, स्ट्रॉ, सगळ्यांचे डबे वेगळे आहेत. मिठाच्या डब्यावर चित्र चिकटवलंय, नाहीतर पोरं चाटून बघतात. चाटू देत, पण एकदाच.

माझे चांगले रंग, परदेशी पेटीतले, ताईला नकोत, तिने आधीच सांगितलंय. ते शाळेचे समजा. लहान मुलांना स्वस्त रंगच द्यावेत असं काही नाही.

भिंतीवरचा नियम काढू नका. नियम बरोबर आहे.

नदीचे कागद ज्याचे त्याच्या हातात द्यायचे, पालकांच्या नाही. प्रत्येकाच्या मागे मी लिहिलंय, "समोरचा निळा थर टीचरने न विचारता लावला. त्याखालची नदी तुझी आहे." एखाद्या मुलाला कागद घरी न्यायचा नसेल तर त्याला फाडू द्या. फाडताना कुणी रागावू नका.

गोगलगायीचा कागद भोकासकट तिलाच. दुरुस्त करून, मागून चिकटपट्टी लावून देऊ नका. आणि तिने "हा जांभळा ना?" असं विचारलं तर हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. "तुला काय दिसतंय?" एवढंच विचारा आणि ती सांगेल तोवर थांबा. ती वेळ घेईल. घेऊ द्या. इतर मुलांना तोवर ब्रश धुवायला लावा.

तिच्या आईंना एक निरोप द्यायचाय, मला तो त्यांच्या दारात उभ्याने सुचला नाही. मुलीला पुन्हा कुणी शिक्षक म्हणालं की तुझं चुकतंय, तर आधी मुलीला विचारा.

तुझ्या नावाने मी काहीही ठेवलेलं नाही. रंग नाही, ब्रश नाही, आठवणीची वस्तू नाही. माझ्याकडचं तुझं होतं ते मोठ्या बाईंच्या पत्रातून तुला गेलं. ते माझ्याकडून मिळालेलं दान समजू नकोस. ते तुझंच होतं.

व्हरांड्यातली भिंत आता रिकामी आहे. दोऱ्या आणि चिमटे तसेच आहेत. घाईने तिथे दुसरं काही लावू नका. धाकटी मुलं येता-जाता विचारतील, नदी कुठे गेली. त्यांना टीचर आजारी होती म्हणून सांगू नका. डोळ्यांचंही सांगू नका. माझं नाव घेऊन सांगा.

मावशी